रिकामा काटा चारवर

मित्रांनो, मोहाडी तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कपाटातल्या खिळ्याला लटकलेला जुना तानकाटा तो मी. आपली कहाणी सांगताना बाकीच्या वस्तू गोड बोलतात म्हणे. माझ्याकडून तशी आशा ठेवू नका. माझं तोंड कडू झालेलं आहे, आणि ते का झालं तेच सांगणार आहे.

माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे, खाली हूक आहे आणि पुढे पितळेची पट्टी. पट्टीवर शून्यापासून पन्नासपर्यंत खुणा आणि टोकाला बारीक अक्षरात न्यूटनचा एन. बाजारातला काटा किलो सांगतो. मी बल सांगतो, म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने खाली ओढते ते. एक किलोचं माप ती सुमारे नऊ पूर्णांक आठ न्यूटनने ओढते. दुप्पट माप टांगा, मी दुप्पट लांबतो. माप काढा, मी शून्यावर परत येतो. पण हे सगळं मर्यादेच्या आत. मर्यादेबाहेर ओढलेली स्प्रिंग पहिल्यासारखी होत नाही. तुमच्या पुस्तकात हे दोन ओळींत दिलंय आणि तुम्ही ते घडाघडा म्हणूनही दाखवता. म्हणता येणं वेगळं, पण जाऊ द्या.

माझेही बरे दिवस होते. लिलाधर सर मला फडक्याने पुसून टेबलावर ठेवायचे. तलावाकाठचा एक दगड आणून तो आधी हवेत तोलायचे, मग बादलीतल्या पाण्यात बुडवून. पाण्यात माझा काटा वर सरकला की पोरं तोंडाचा आ करून बघत. दगड तोच, वस्तुमान तेच, मग हा हलका कसा झाला, असं सर विचारायचे आणि उत्तर न सांगता पोरांना घरी पाठवायचे. तेव्हा माझी मान ताठ असायची. सर निवृत्त झाले आणि मी कपाटात गेलो.

नंतर वीरेंद्र सर आले. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रयोग म्हणजे भरलेला कागद वाटतो. पोरांना ते फळ्यावर आकडे लिहून देतात, पोरं उतरवून घेतात, सगळ्यांचं उत्तर सारखं येतं आणि सगळे खूश. माझी गरजच काय?

गरज पडली ती मासळीला. उन्हाळ्यात गावचा तलाव आटला की ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, सगळी घरं मिळून जाळं ओढतात आणि मासळीचे वाटे पाडतात. मागच्या उन्हाळ्यात ऐन वाट्याच्या वेळी त्यांचा काटा मोडला. आमचे शिपाई बाबूलाल तिथेच उभे होते. ते धावत येऊन मला घेऊन गेले. तिथे श्यामलाल होता, वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहून पाय फुगलेला माणूस. त्याने मला हातात घेऊन विचारलं, हा लहानसा दिसते, पेलन का? बाबूलालने खुणेवर बोट ठेवून सांगितलं, पन्नास लिवलं हाये, म्हणजे पन्नास किलो. शेजारचा एन कोणी पाहिला नाही. श्यामलालने वीस किलो रोहू भरलेली टोपली माझ्या हुकाला लावली. वीस किलो म्हणजे जवळजवळ दोनशे न्यूटन, बाबांनो! माझ्या पोटात काय झालं ते माझं मला माहीत. काटा तळाला आपटून अडकला. सगळे म्हणाले, बिघडला वाटते, आणि टोपल्या अंदाजानेच वाटल्या. बाबूलालने मला गुपचूप खिळ्याला टांगलं. त्या दिवसापासून रिकामा असताना माझा काटा चारवर उभा असतो.

फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली. परीक्षेपुरतं मला टेबलावर मांडलं होतं आणि श्यामलालची मुलगी खुशबू त्या टेबलाशी होती. बाहेरचे परीक्षक अजून स्टाफरूममध्ये चहा-पोहे घेत होते. बाकीची मुलं फळ्यावरचे आकडे भरून मोकळी झाली. या पोरीने मला उचललं, रिकाम्या काट्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिने कागदावर पहिली ओळ लिहिली, झीरो एरर, म्हणजे रिकाम्या काट्याची चूक, चार न्यूटन. अर्धा किलोचं माप लावलं, मी आठ पूर्णांक नऊ दाखवलं. तिने चार वजा केले. एक किलो लावलं, पुन्हा वजा केले. उत्तर अगदी बरोबर आलं. इतक्या महिन्यांनी कोणीतरी माझं खरं वाचलं होतं. मला रडायला आलं असतं, डोळे असते तर.

वीरेंद्र सरांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. काटा बिघडल्याचं परीक्षेच्या कागदावर गेलं तर चौकशी होणार होती. त्यांनी नवा कागद तिच्यापुढे ठेवला आणि तीस गुणांची आठवण करून दिली. ते गुण खुशबूला हवेच होते. चांगली टक्केवारी आली तर भंडाऱ्याला बी.एस्सी.ला पाठवीन, नाहीतर घरी बसायचं, असं बापाने सांगून ठेवलं होतं. तरी ती हलेना. तेव्हा बाबूलाल तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "तुया बाबानंच वीस किलोची टोपली टांगून वाकवला हा. चौकशीत त्याचंच नाव येईन. पाहून घे आता तू."

स्वतःचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही, बरं का.

खुशबूने पहिला कागद बाजूला सारला. मग तिने नव्या कागदावर लिहिलं, झीरो एरर शून्य. खाली फळ्यावरचे आकडे उतरवले. परीक्षक आले, सही करून गेले. तिला तीसपैकी तीस मिळाले.

जूनमध्ये बाप-लेक गुणपत्रिका न्यायला आले. श्यामलालने बाबूलालसाठी पेढे आणले होते. पेढा तोंडात टाकून बाबूलालने हसत हसत सगळी हकिकत सांगितली, पोरीने बापाला कसं वाचवलं म्हणून कौतुकाने. श्यामलाल हसला नाही. कपाटाशी येऊन त्याने माझा रिकामा काटा पाहिला. मग लेकीला म्हणाला, "म्या वाकवला त मायं नाव लेहाचं होतं, बेटा. म्या कोणाले नाई म्हटलो असतो का? तुनं शून्य कायले लेहलं?"

हातातली गुणपत्रिका खुशबूने पाठीमागे धरली.

मित्रांनो, मला जपा, तेल घाला, असं मी म्हणणार नाही. ती वेळ गेली. पण उद्या माझ्यासारखा एखादा मोडका तुमच्या हाती आला, तर तो मोडला आहे एवढं लिहा. चार लिहायला शून्याइतकीच जागा लागते.