मंगळारती होईपर्यंत

महालक्ष्मीबाई सकाळच्या कॉफीचं डिकॉक्शन गाळत होत्या, तेवढ्यात ओट्यावर कुणीतरी येऊन बसल्याची चाहूल लागली. जवळच्या पट्टीश्वरम गावची एक बाई केळ्यांची फणी घेऊन आली होती. मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी, तापानं मलूल झालेली.

"मौनी अम्मा उठल्या का?" बाईनं तमिळमध्ये विचारलं.

"पोरीला डॉक्टरकडे नेलंत का?"

"आधी अम्मांचा हात डोक्यावरून फिरू दे. मग बघू."

मौनी अम्मा म्हणजे महालक्ष्मीबाईंची सून, गायत्री. तिशीही उलटली नव्हती. मुकुंदरावांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि पाटावर बसवलं. ती बसली. बस म्हटलं की बसायची, जेव म्हटलं की दोन घास खायची. मुलीच्या कपाळाला हात लागताच तिनं तो चटका बसावा तसा मागे घेतला.

"पाहिलंत?" बाईचे डोळे भरून आले. "ताप ओढून घेतला अम्मांनी!"

मुकुंदरावांनी समाधानानं मान हलवली. महालक्ष्मीबाई मात्र गायत्रीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. हा चेहरा त्यांनी लग्नात पाहिला होता तेव्हा त्यावर हसू मावत नव्हतं. चोळपुरमची ही पोर बोलायला लागली की थांबत नसे. "आत्याबाई, तुमच्या लहानपणचं सांगा ना," म्हणून मागे लागायची, आणि बाईंनी सांगायला घेतलं की मध्येच स्वतःचंच सांगत सुटायची. दोघी वाटण वाटता वाटता हसून बेजार व्हायच्या.

मग तिचं बाळ गेलं. श्रीवत्स, रांगायला लागलेला. मागच्या वर्षी घरी राधाकल्याण होतं, त्याच दुपारी. देवाच्या लग्नाचा तो सोहळा तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या मराठी घरात आजेसासऱ्यांच्याही आधीपासून चालत आलेला. विठ्ठलाच्या तसबिरीपुढे भजन सुरू झालं की मंगळारती होईपर्यंत बसलेलं माणूस उठत नाही, अशी घराची रीत. महालक्ष्मीबाई मागच्या अंगणात प्रसादाच्या भातात गुंतल्या होत्या. आरतीचा गजर थांबला आणि किंकाळी ऐकू आली, एवढंच त्यांना ठाऊक. त्या किंकाळीनंतर गायत्री बोललीच नाही.

मुकुंदरावांचा आवाज अजून खणखणीत. हरिकथा सांगायला तिरुनागेश्वरम्‌पर्यंत त्यांना बोलावणी येत. एका कथेत त्यांनी सांगितलं, की देवानं आमचं बाळ मागून घेतलं आणि सुनेनं आपली वाचा त्याच्या पायी वाहिली. ऐकणारे रडले. दुसऱ्या दिवशी पहिली बाई ओट्यावर आली. मुकुंदरावांची मुलगी मधुमिता लग्नाची होती. सून वेडी झाली म्हटलं तर कोण सोयरीक करणार? व्रतस्थ सुनेच्या घरी मात्र चांगल्या घरची माणसं चालून आली. मुलगा सुरेंद्र, गायत्रीचा नवरा, चेन्नईला नोकरीला होता. तो बापापुढे खाली मान घालून येई आणि तशीच मान घालून परत जाई.

उन्हाळ्यात गायत्री विहिरीपाशी चक्कर येऊन पडली, म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर सौंदर्या तरुण होत्या. त्यांनी गायत्रीला विचारलं आणि उत्तर मुकुंदरावांनी दिलं. रंगवून, आवाज चढवून-उतरवून, अगदी डोळ्यांत पाणी आणून.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "अय्या, फार छान सांगता तुम्ही. पण ही तुमची गोष्ट झाली. मला हिची ऐकायची आहे. पुढच्या खेपेला तुम्ही बाहेर बसाल का?"

मुकुंदराव पुढच्या खेपेला आलेच नाहीत. महालक्ष्मीबाई एकट्याच तिला घेऊन गेल्या.

"मी गोळ्या देतेच," डॉक्टर म्हणाल्या, "पण काय घडलं ते तिला तिच्या तोंडानं सांगता आलं पाहिजे. वाक्य अर्धं राहिलं तरी आपण पुरं करायचं नाही, अम्मा. आणि गायत्री, तू घरी बोलतेस त्या भाषेत बोल."

"आमची मराठी तुम्हाला कळायची नाही," महालक्ष्मीबाई म्हणाल्या.

"मला कळायची घाई नाही."

त्या दिवशी ती बोलली नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला खिडकीबाहेर बघत, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाळ गरम लागत होता."

महालक्ष्मीबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"डोळे फिरवत होता. मी मामंजींकडे बघितलं. उठू का म्हणून. त्यांनी हात केला." गायत्रीनं पंजा खाली दाबून दाखवला. बस. "मी बसले."

पुढचं वाक्य ओठांवर येऊन थांबलं. महालक्ष्मीबाईंना ते आता उमगलं होतं, पण त्यांनी ते पुरं केलं नाही. आयुष्यात इतकं अवघड काही त्यांनी केलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, त्या दिवशी ती उठत होती. तुम्ही बस म्हणालात?"

मुकुंदराव पानाला चुना लावत होते. "मला वाटलं, बाळाला भूक लागली असेल. मंगळारतीच्या आधी आपल्या घरात कोण उठलंय कधी? तू तरी उठली असतीस?"

बाईंनी मनाशी पडताळून पाहिलं. नसत्या उठल्या.

"ती बोलायला लागली आहे. आणखी थोडे दिवस नेऊ द्या मला."

"नक्को. मधुमिताच्या होणाऱ्या सासरची माणसं या राधाकल्याणाला येणार. हिचं व्रत मोडलं, ही वेड्यांच्या डॉक्टरकडे जाते, हे त्यांच्या कानावर गेलं तर? एकीपायी दुसरीचा संसार मोडू? लग्न होऊन जाऊ दे, मग ने कुठे न्यायचं तिथे."

दारामागे मधुमिता उभी होती. डोळे पुसत आत गेली. दवाखान्यात जाणं बंद झालं.

राधाकल्याणाला अंगण भरलं. गायत्रीला नवं लुगडं नेसवून तसबिरीशेजारी बसवलं, पाहुण्यांना दिसेल असं. भजन रंगात आलं होतं. आणि भर गजरात गायत्री उभी राहिली.

"मामंजी, बाळ गरम लागतो. मला जाऊ द्या."

झांजा थांबल्या. "बाळ हातात थंड पडतो, मामंजी. उठू द्या मला. होव म्हणा!"

मुकुंदरावांचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभर त्यांचे ओठ नुसतेच हलले. महालक्ष्मीबाईंना वाटलं, आता हे बोलतील, खरं ते बोलतील. मग त्यांची नजर पाहुण्यांवर गेली. चिपळ्या वर उचलल्या गेल्या.

"देवकीमाता बोलते आहे!" आवाज कापत होता, पण तो सगळ्या अंगणात पोचला. "कंसाच्या बंदिवासातली आई, लेकरासाठी टाहो फोडते आहे! म्हणा, विठ्ठल!"

अंगण गरजलं. बाया पुढे लोटल्या. महालक्ष्मीबाई ओरडत होत्या, "माझ्या नातवाचं सांगते आहे ती! श्रीवत्साचं! ऐका तरी!" शेजारच्या बाईनं त्यांना मिठीच मारली. "अक्का, तुम्ही किती भाग्याच्या!" माणसांच्या फटीतून त्यांना गायत्री दिसली. ती अजून सासऱ्यांकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. मग तिनं तोंड मिटलं आणि खाली बसली.

त्या दिवसापासून महालक्ष्मीबाईंनी नवऱ्याला विचारणं सोडलं. दर आठवड्याला त्या गायत्रीला रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. डॉक्टर विचारतात, थांबतात. गायत्री खिडकीबाहेर बघते. एक शब्द नाही.

परवा दोघी बाहेर बाकावर नंबर यायची वाट बघत होत्या. एका बाईनं गायत्रीला ओळखलं आणि हात जोडून ती वाकायला लागली. महालक्ष्मीबाई मध्ये उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा, भरल्या दवाखान्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तमिळमध्ये त्या म्हणाल्या, "नको. ही देवी नाही. माझी सून आहे. हिचं मूल औषधावाचून गेलं आणि हिला बरं नाही."

लोक वळून बघायला लागले. बाईनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि वळसा घालून ती पलीकडून आली. गायत्रीनं दोन्ही पाय झटकन बाकाखाली ओढून घेतले.

बाई तरी वाकलीच. पाय होते तिथल्या फरशीला तिनं हात लावला आणि तो डोळ्यांना लावला.