सोळा सेकंद

तिने शिट्टी वाजवली आणि रस्त्यापलीकडून बाबा निघाले. हातातली काठी त्यांनी आधीच शेजारच्या शिंपीकाकांकडे सोपवली होती. नवे बूट, इस्त्रीचा शर्ट, मान ताठ. फूटपाथवर त्यांचा पाय पडताच तिने स्टॉपवॉच थांबवलं.

"किती?" बाबांनी धापा टाकत विचारलं.

"सोळा."

"बघा साहेब," ते तिच्या साहेबांकडे वळले, "म्हाताऱ्यांना कमी लेखू नका."

वाचनालयासमोरचा हा सिग्नल पायी जाणाऱ्यांसाठी अठरा सेकंद हिरवा राहायचा. तो वेळ वाढवावा म्हणून गेली दोन वर्षं महापालिकेला अर्जावर अर्ज धाडणारे गृहस्थ दुसरेतिसरे कोणी नसून हेच होते. दोन महिन्यांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका घाईघाईत रस्ता ओलांडताना मध्येच पडल्या आणि वाचनालयात यायच्याच बंद झाल्या, तेव्हा कुठे अर्ज हलला. मुलगी सिग्नल विभागात इंजिनिअर, त्यामुळे मोजणी तिच्याच गळ्यात पडली.

मोजणीसाठी चालून दाखवायला बाबांसह सात म्हातारी माणसं आली होती, आणि सातही जण परीक्षेला बसल्यासारखे. एकीने तर गुडघ्याचा पट्टा काढून पिशवीत लपवला होता. सगळे अठराच्या आत पोहोचले.

"मग वाढवायचं कशाला?" साहेब म्हणाले. "संध्याकाळी तक्ता पाठव. प्रकरण बंद करून टाकू." ते गाडीत बसून निघून गेले.

"बाबा, अर्ज तुमचाच होता ना?"

"होता की."

"मग एवढं पळायची काय गरज होती?"

"चारचौघांत लंगडत येऊ?" बाबा म्हणाले. ते अजून कठडा धरून उभे होते.

तिला त्यांची भयंकर चीड आली. दोन वर्षांची मेहनत यांनी सोळा सेकंदांत पाण्यात घातली होती. पण तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

थोड्या वेळाने मंडळी घरी जायला निघाली. आता त्यांच्या लेखी मोजणी संपली होती. बाबांनी काठी परत घेतली, पट्टा गुडघ्यावर चढला. दिवा हिरवा झाला आणि सातही जण गप्पा मारत रस्त्यात उतरले. तिने पुन्हा स्टॉपवॉच सुरू केलं.

सगळ्यात आधी पोहोचले त्यांना बावीस सेकंद लागले. बाबा मधोमध असतानाच दिवा लाल झाला. एका गाडीने हॉर्न वाजवला. बाबांनी तिकडे न बघता हात वर केला आणि तसेच चालत राहिले. सत्तावीस.

तिने तक्त्यातले सातही आकडे खोडले, शेजारी नवे लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात नोंद केली : परतीची मोजणी, न सांगता केलेली.

"सोळा लिहिलंस ना?" रात्री जेवताना बाबांनी विचारलं.

"लिहिलं होतं," ती म्हणाली आणि त्यांना भात वाढला.

महिन्याभराने सिग्नल तीस सेकंदांचा झाला. रविवारी सकाळी मंडळी वाचनालयाकडे निघाली. या वेळी शिक्षिकाबाईही होत्या. ती त्यांच्या मागून चालत होती.

"मला सोळा पुरतात," बाबा काठी टेकत शिंपीकाकांना सांगत होते. "हे बाकीच्यांसाठी करून घेतलं."

"तर काय," शिंपीकाका म्हणाले.

बाबा फूटपाथवर चढले तेव्हा दिव्याखालचा आकडा तीसवरून उतरत दोनवर आला होता.