तीन दिवसांची वही

“तीन दिवस कुणाशी बोलायचं नाही हं, सिस्टर. जमेल ना?” प्रार्थना-निवासाच्या व्यवस्थापक बाई फोनवर विचारत होत्या.

“ज्याच्याशी बोलायचं तो कुणी माणूस नाहीच,” सिस्टर म्हणाल्या. “खोली तेवढी कोपऱ्यातली द्या.”

फोन ठेवून त्यांनी यादीतल्या शेवटच्या ओळीवर खूण केली. वॉर्डात चौतीस वर्षं नोकरी झाली होती, त्यामुळे गल्लीच काय, सख्खा दीरसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायचा. देवाबरोबर एकांतात तीन दिवस राहायचं, हे त्यांच्या मनात चार महिन्यांपासून चाललं होतं. रजा मंजूर झाली होती. नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या डब्यांत भरून झाल्या होत्या, गॅस बंद करण्याची आठवण दारावर चिकटवून झाली होती.

“देवाला भेटायला चाललीस की लढाईवर?” नवरा म्हणाला. पस्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, थट्टा केल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे.

“तुम्ही गोळ्या विसरलात तर लढाईच आहे,” त्या म्हणाल्या.

चर्चच्या पाळकांनी त्यांना एक वही दिली होती. पानागणिक वेळ घालायची आणि त्या त्या वेळी मनात जे असेल ते लिहायचं. “काही वाटलं नाही तर तसंच लिहा. नोंदी ठेवायला तुम्हाला का शिकवायचं?” असं म्हणून ते मोकळेपणाने हसले होते. सिस्टरही हसल्या होत्या, पण घरी येईपर्यंत त्यांनी वही उघडलीही नव्हती.

कारण नोंदीपायीच तर हे सगळं होतं. अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी वॉर्डात दोन नर्स कमी होत्या. सिस्टरांनी दुपारी बारालाच सात नंबरच्या पेशंटच्या तक्त्यातले दोनचे आणि चारचे रकाने भरून टाकले. नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास नियमित. कामाची रेटारेटी असली की सगळ्याच तसं करत. पेशंट एक निवृत्त मास्तर होते, कसली म्हणून तक्रार नसलेले. सव्वातीनला सिस्टर त्यांच्याकडे गेल्या, तर हात गार पडलेला. तक्त्यावर मात्र मास्तर चार वाजताही ठणठणीत होते. सिस्टरांनी तो कागद फाडला, नवा लिहिला. त्यात चारचा रकाना कोरा सोडला आणि दोनचा तसाच भरला. मास्तरांच्या बायकोने सिस्टरांचे दोन्ही हात धरले. “तुम्ही लक्ष ठेवून होतात, तेवढंच समाधान,” ती म्हणाली.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दर रविवारी त्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत, खड्या आवाजात गात. प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मात्र त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. दोनला आपण गेलो असतो तर मास्तर वाचले असते का, हे देवाला एकदा तोंडावर विचारायचं होतं. तीन दिवस त्यासाठीच हवे होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरून दाराशी ठेवली होती. नवऱ्याने वर पडलेली वही सहज उघडली.

“पहिला दिवस, सकाळी सहा,” तो मोठ्याने वाचू लागला. “मन अस्थिर. दुपारी बारा, रडू आलं. दुसरा दिवस, पापाची कबुली दिली. तिसरा दिवस, संध्याकाळी सहा. क्षमा मिळाली, मन शांत.” त्याने चष्म्यावरून पाहिलं. “अगं, तू तर उद्या जाणारेस ना? इथे सगळं उरकलंय की.”

सिस्टरांनी वही हातात घेतली. अक्षर त्यांचंच होतं, सुबक, ड्यूटीवरचं. दुपारी हाताला काम नव्हतं म्हणून त्या वेळा आखायला बसल्या होत्या आणि आखता आखता हात पुढे चालत गेला होता. त्या नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. मग बसल्या जागी त्यांनी नवऱ्याला मास्तरांचं सगळं सांगितलं, बाराच्या नोंदीपासून बायकोच्या हातांपर्यंत.

नवऱ्याने या वेळी थट्टा केली नाही. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

“हे देवाला सांगायचं होतंस ना,” तो म्हणाला. “मला कशाला सांगितलंस?” आणि उठून आतल्या खोलीत गेला.

सिस्टरांनी फोन लावला.

“माझी खोली दुसऱ्या कुणाला द्या, बाई.”

“अहो, का? प्रभू तुमची वाट बघत असेल.”

“मी का येत नाही ते त्याला माहीत आहे.”

“मग पुढची तारीख लिहून ठेवू?”

“नको. पुढचं काही लिहू नका.”

त्यांनी वहीचं कोरं पान काढलं. भरलेली पानं फाडावीत असं हाताला वाटत होतं, पण ती तशीच राहू दिली. आत कॉट करकरली. नवरा जागाच असणार, पण तो बाहेर आला नाही आणि त्यांनीही हाक मारली नाही. देवाला हाक मारून पाहिली, मनातल्या मनात, नाव घेऊन. कुणी ओ दिली नाही. घड्याळात सात वाजायला चार मिनिटं होती. सिस्टर पेनचं टोपण काढून थांबून राहिल्या. सात वाजले तेव्हा त्यांनी वेळ घातली आणि समोर लिहिलं, “उत्तर नाही.”