शँप्लेन उतरताना

चारशे वर्षांपूर्वी शँप्लेन नावाचा एक फ्रेंच गडी इथल्या मूळ लोकांबरोबर होडीतून या तळ्यात आला आणि तळ्याला खुशाल स्वतःचं नाव देऊन मोकळा झाला. दर जुलैत तळ्यातल्या बेटावर त्याचं सोंग निघतं. गेली एकतीस वर्षं शँप्लेन व्हायचा तो ओव्हिला गाबुरी, सफरचंदाच्या बागेचा मालक. पिसाची टोपी घालायची, होडीतून एकट्यानं ऐटीत उतरायचं आणि काठावर झेंडा रोवायचा. पण गेल्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला आणि शँप्लेनसाहेब बदकन पाण्यात आपटले. सोंगाच्या समितीनं बजावलं, यंदा पडलास तर टोपी तुझ्या मेव्हण्याला.

मेव्हण्याला! त्या ठोंब्याला! ओव्हिलाला वर्षभर झोप गोड लागली नाही.

होडीत वल्हं मारायला नेहमीप्रमाणे शेजारीण मॅडलिन होती. ती अबेनाकी, म्हणजे तळ्याच्या मूळ माणसांपैकी.

"गुडघा कसाय?" तिनं विचारलं.

"ठणठणीत."

"खोटारडा! सकाळी जिना उतरताना बघितलंय मी. हात देऊ का?"

"छे! शँप्लेन कुणाचा हात धरत नसतो."

"हो ना! वाट आम्ही दाखवायची, वल्हं आम्ही मारायचं, आणि नाव मात्र त्याचं."

ओव्हिला हसला. काठावर सगळं बेट मेपल झाडाच्या पाकाचं आइस्क्रीम चाटत उभं होतं. मेव्हणा सगळ्यांच्या पुढे, टोपीवर डोळा ठेवून.

होडी वाळूला लागली. ओव्हिलानं एक पाय बाहेर टाकला मात्र, गुडघ्यातून अशी कळ गेली की होडी डुगडुगली. झालं, एकतीस वर्षं बुडाली!

"मॅडलिन," तो हळूच म्हणाला, "हात दे गं बाई."

तिनं वल्हं टाकलं, गुडघाभर पाण्यात उतरली आणि त्याला सावकाश काठावर आणलं. झेंडा रोवला गेला.

"हे सोंगात नाही!" मेव्हणा ओरडला.

"मग तुमचं सोंगच चुकतंय. चारशे वर्षांपूर्वीही हात आमचाच होता," मॅडलिन म्हणाली, आणि लोक खदखदून हसले.

समितीची म्हातारी अध्यक्षीणबाई ओठावरचं आइस्क्रीम पुसत पुढे आली. "पडला का? नाही ना? मग टोपी त्याचीच."

ओव्हिलानं टोपी नीट बसवली. त्यानं मॅडलिनचा हात अजून सोडला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून हा हात सोंगात लिहूनच टाका."