मौनाचा सोमवार

श्रावणी सोमवारी संध्याकाळच्या पूजेपर्यंत मी बोलत नाही. माहेरपासूनचा नेम आहे. यांनी नेमका तोच दिवस धरला.

दोन हजार पाच साल. सायबर कॅफेत यांना ई-मेल आला होता, की लंडनची लॉटरी लागली आहे, आधी कर भरा, मग कोटभर रुपये खात्यात येतील. यांनी कपाटातून आमच्या लेकीच्या, पवित्राच्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या काढल्या.

"गुजरीत सोनाराकडं मोडून येतो. तुझं काय म्हणणं न्हाय न्हवं?" यांनी हसत विचारलं.

मी दारात आडवी उभी राहिले, हात जोडले. ते बाजूनं निघाले तेव्हा मात्र बोलले.

"अहो, तिकीट कधी काढलंसा? आणि बक्षीस देणारा आधी आपल्याकडनंच पैसं कशाला मागतोय?"

ते थबकले. मग म्हणाले, "मोडलास न्हवं नेम? आता काय इघ्न आलं तर तुझ्या माथी."

पाटल्या गेल्या, पैसेही गेले. मेलमधला लंडनचा फोन लागेना. बसव्वानं, म्हणजे मी, मौन मोडलं म्हणून दारात आलेली लक्ष्मी परत गेली, असं यांनी भावकीत सांगितलं. सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी सोडलं. पवित्रा माझ्याशी बोलेना.

पुढच्या सोमवारी दुसरा मेल आला. दंड भरला तर रक्कम अजून मिळणार होती. यांनी माझ्या गळ्यातल्या बोरमाळेकडे बोट केलं. "ह्या बारीला तेवढी गप बस की."

पुन्हा नेम मोडून मी नको नको म्हणत राहिले. पवित्रा मागून आली आणि बोरमाळेचा फासा काढू लागली.