वीतभर उंची

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. आइसलंडच्या उत्तरेला, एरलिंगुर नावाच्या मेंढपाळाच्या गोठ्यामागे उभी असते. आरसा तडकला आहे, पण इंजिन अजून पहिल्या हाकेला ओ देते.

थंडीच्या तोंडावर सगळे गाव डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणते, तरी चार-दोन चुकार मागे राहतातच. बर्फ पडल्यावर त्यांना शोधायला एरलिंगुर आणि त्याची बायको ग्रोआ मला घेऊन निघत. भुसभुशीत बर्फ लागला की ग्रोआ उतरून माझ्या रुंद टायरांतली बरीचशी हवा सोडून देई. मग ते भाकरीसारखे पसरत आणि मी न रुतता वरून चालत जाई. आत सुकी मासळी, लोणी, कॉफी आणि दोघांची भांडणे. माझे सुखाचे दिवस तेच.

एका वर्षी, खाली आणलेल्या कळपातून ज्याने त्याने आपापल्या मेंढ्या वेगळ्या करण्याच्या दिवशी घात झाला. त्या दिवशी माणसे मेंढ्यांपेक्षा एकमेकांच्या गाड्याच जास्त बघतात. शेजारच्या ओद्दुरची गाडी माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच झाली होती. एरलिंगुरच्या पोटात दुखू लागले.

"अरे, आहे ती उंची या टायरांना पुरते," ग्रोआ म्हणाली. "खर्च करायचाच तर मागची दोन्ही चाकं एकदम फिरवणारं लॉक बसव. एकच चाक नुसतं फिरत राहतं, म्हणून तर अडकतो आपण."

"तेही बसवतो. पण ओद्दुरनं काय वरून बघायचं माझ्याकडे?"

लॉक बसले. लांब स्प्रिंगाही बसल्या. मी उंच झाले आणि, खरे सांगते, फुशारलेही. ग्रोआचा गुडघा दुखरा. तिने दोनदा चढून पाहिले, जमले नाही.

"शिडी आण बाबा आता! निदान पायरी तरी लाव."

"अगं, पायरी दगडांना घासेल. मग उंच केली कशाला?" तो हसून म्हणाला.

त्यानंतर ती आली नाही. हवा सोडायलाही तोच उतरे. शेजारची सीट हातमोजे टाकायची जागा झाली. आडव्या उतारावर मी डोलू लागे, तेव्हा "सांभाळ रे" म्हणणारे कोणी नसे. मला फार एकटे वाटे. त्यालाही वाटत असावे, कारण तो माझ्याशी बोलू लागला. मी काय उत्तर देणार?

अखेर यंदा त्याने जुन्या स्प्रिंगा शोधून पुन्हा बसवल्या. मला अंगणात आणले, तिच्या बाजूचे दार उघडले आणि हाक मारली.

ग्रोआ बाहेर आली. हाताला पीठ लागलेले. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"छान केलीस," ती म्हणाली. "पण तू जाऊन ये, एरलिंगुर. मला आता घरीच बरं वाटतं. सवय झाली रे."

ती आत गेली तरी तो माझे दार धरून उभाच होता.

मित्रांनो, गाडीची हौस जरूर करा. टायर बदला, स्प्रिंगा बदला. पण उंच करण्याआधी शेजारी बसणाऱ्याला चढता येईल का, एवढे बघा. आणि चूक झालीच, तर लगेच खाली आणा. त्या माणसाला तुमच्यावाचून राहायची सवय व्हायच्या आत.