छत्तीस फुटी जाजम

आमच्या साताऱ्याच्या फ्लॅटचा हॉल बारा फुटांचा आणि घरात गुंडाळून उभ्या केलेल्या जुन्या जाजमा अकरा. त्यातली एकही हॉलमध्ये मावत नाही. अंथरायच्या म्हटल्या तर जागा नाही, कुणाला दाखवायच्या म्हटल्या तर आधी कपाट हलवा. तरी आमचे सुभेदार पलटणीतून रिटायर झाल्यापासून गावोगाव फिरून त्या विकत आणतात. गावांत आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यात, त्यामुळे देवळातल्या जाजमा अडगळीत निघतात आणि ती अडगळ माझ्या डोक्यावर येऊन बसते. "आवं, माणसं नाणी जमवत्यात. डबीत तरी मावत्यात," असं मी कितीदा सुनावलं. हे नुसते मिशीत हसायचे.

सांगलीजवळच्या आदगोंडाअण्णांना हाच नाद. त्यांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये चौदा जाजमा आहेत. कसर लागू नये म्हणून काय करावं, यावर दोघे फोनवर तासभर बोलत. गेल्या महिन्यात अण्णांनी नव्या खरेदीचा फोटो पाठवला आणि यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आमच्या गावाचं नाव शिवलेलं, शेजारी पेट्रोमॅक्सनं जळालेलं रुपयाएवढं भोक. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावची छत्तीस फुटी जाजम होती ती.

"अण्णा, ही मला द्या," यांनी लगेच फोन लावला.

"न्हाई सुभेदार. दुसरी कंचीबी मागा. एवढी लांब परत गावायची न्हाई."

फोन स्पीकरवर होता. यांनी तो आणखी जवळ ओढला.

"अण्णा, दादा, म्हंजी माझं वडील, वारलं तवा मी लडाखला हुतो. बर्फानं रस्ता बंद. घरी पोचलो एकोणिसाव्या दिवशी. सारं गाव त्या जाजमेवर बसून गेलं हुतं. मी आलो तवा ती गुंडाळून ठिवली हुती. माझ्यापाशी कोण बसलंच न्हाई बगा."

माझे हात कणकेतच राहिले. मी त्या दिवसांत त्याच घरात होते. बाप्ये यायचे, मान खाली घालून जाजमेवर बसायचे आणि न बोलता उठून जायचे. दुखवट्याच्या घरी कुणी 'या' म्हणत नाही, जाणाराही 'येतो' म्हणत नाही. हे आले तेव्हा सुतक फिटलं होतं, घरात गोडाचं जेवणही होऊन गेलं होतं. आम्ही सगळे रडून मोकळे झालो होतो. मी यांना चहा दिला आणि रजा किती दिवसांची, ते विचारलं. तेवीस वर्षांनी मला त्या चहाची लाज वाटली.

रविवारी सकाळी अण्णा स्वतः पिकअपमधून जाजम घेऊन आले. पैशांचं नावही काढू दिलं नाही. घरात जागा नाही म्हणून ती गच्चीवर नेली. पाण्याच्या टाक्या आड आल्या, शेवटचे सहा फूट गुंडाळलेलेच राहिले. हे जळक्या भोकापाशी जाऊन मांडी घालून बसले. अण्णांनी चपला काढल्या आणि समोर बसले. गावाकडं बायका आत बसायच्या, पण मीही पदर घेऊन एका कडेला बसले. खालच्या मजल्यावरच्या तानुबाई धुणं वाळत घालायला आल्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी बादली खाली ठेवली आणि काही न विचारता येऊन टेकल्या.

थोड्या वेळानं यांचे खांदे हलायला लागले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, या माणसाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

अर्ध्या तासानं अण्णा उठले. एवढ्या लांबून आलेला माणूस. चहाचं अगदी ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. अण्णांनी चपला घातल्या आणि 'येतो' न म्हणता जिना उतरून गेले. हे सोडायला उठले नाहीत.